रहस्यकथेची शिफारस

काव्याची शिफारस करावयाची तर त्यातील दोन चरण म्हणून दाखविता येतात. नाटकाची करावयाची तर एखादा प्रवेश रंगवून सांगता येतो. ऐतिहासिक कादंबरीचे कथानक तर सर्वांस आधीच ठाऊक असते. पानिपतावर कोण हरले हे सांगितल्याने कोणाचा विरस होत नाही. रहस्यकथेची गोष्ट मात्र निराळी. तिच्यात जे सर्वांत उत्तम असते, नेमके तेच बोलून दाखवावयाचे नसते. शिफारस करणाऱ्याच्या तोंडाला कुलूप, आणि तरीही त्याने ऐकणाऱ्याची खात्री पटवावयाची! हा पेच दिसावयास गमतीचा आहे, पण तो बराच जुना आहे. आणि ज्यांनी ज्यांनी त्यातून वाट काढली त्यांनी रहस्यकथेला आजचे रूप देण्यास लेखकांइतकाच हातभार लावला, असे माझे मत आहे. श्रोतेहो, आज मी बोलणार आहे ते या मंडळींविषयी, म्हणजे रहस्यकथा लिहिणाऱ्यांपेक्षा ती दुसऱ्याच्या हाती ठेवणाऱ्यांविषयी. खुनी कोण, हे मात्र मी एकाही पुस्तकाबाबत सांगणार नाही. तेवढ्यापुरते आपण निश्चिंत असावे.

या पेचाची पहिली ठळक तक्रार केली ती विल्की कॉलिन्स याने. त्याची ‘द वुमन इन व्हाइट’ ही कादंबरी डिकन्सच्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली, आणि 1860 साली ती तीन खंडांत पुस्तकरूपाने निघाली. त्या काळचे परीक्षक म्हणजे मोठे उदार गृहस्थ. पुस्तकाचे कथानक अथपासून इतिपर्यंत सांगून टाकावयाचे आणि शेवटी दोन ओळींचा अभिप्राय द्यावयाचा, अशी त्यांची वहिवाट. कॉलिन्सने प्रस्तावनेतच त्यांना विनंतीवजा प्रश्न टाकला. गोष्ट न सांगता पुस्तकाविषयी लिहिता येणार नाही काय? कुतूहल आणि आश्चर्य या दोन गोष्टींवर ज्या कथेचा डोलारा उभा, तिच्यातील या दोन्ही गोष्टी आधीच खर्चून टाकल्या तर त्यात लेखकाचे, वाचकाचे किंवा खुद्द परीक्षकाचे तरी काय हित साधते? परीक्षक किती सुधारले ते सोडून देऊ. परंतु लेखक आणि परीक्षक यांच्यात एक प्रकारचा करार असला पाहिजे, ही कल्पना तेव्हा शब्दांत उतरली.

पुढील साठ वर्षांचा इतिहास मी भरभर ओलांडतो. 1868 साली ‘द मूनस्टोन’ आली, 1887 साली शेरलॉक होम्स अवतरला, मासिकांनी त्याला घरोघर पोहोचविले. होम्सची शिफारस कोणी करावी लागत नसे. मासिकाच्या अंकावर त्याचे नाव असले म्हणजे पुरे. शिफारशीची खरी निकड भासू लागली ती पहिल्या महायुद्धानंतर. इंग्लंडात आणि अमेरिकेत हेरकथांचा असा पूर लोटला की चांगले आणि टाकाऊ एकत्रच वाहू लागले. इंग्लंडात नव्या कादंबरीची किंमत साडेसात शिलिंग. ज्याला तेवढे परवडत नसे तो फिरत्या वाचनालयातून भाड्याने पुस्तक आणी. दोघांचाही प्रश्न एकच, की या ढिगातून उचलावे कोणते?

अशा वेळी 1926 साली अगाथा ख्रिस्ती यांची ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’ ही कादंबरी निघाली आणि एक वाद पेटला. त्या पुस्तकाचा उलगडा असा काही होता की काही वाचकांना आणि परीक्षकांना आपली फसवणूक झाली असे वाटले. लेखिकेने डाव मोडला, असा त्यांचा आक्षेप. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की सर्व धागेदोरे वाचकाच्या डोळ्यांसमोर होते, त्याने नीट पाहिले नाही हा दोष त्याचा. डोरोथी सेयर्स या लेखिकेने 1928 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत ख्रिस्तीबाईंची बाजू घेतली आणि स्वच्छ सांगितले, की प्रत्येकाचा संशय घेणे हे वाचकाचे कामच आहे. मला या वादाचे महत्त्व एवढ्यासाठी वाटते, की ‘गोष्ट आवडली’ किंवा ‘नावडली’ यापलीकडचा एक प्रश्न त्यातून उभा राहिला. लेखक प्रामाणिकपणे खेळला की नाही? हा प्रश्न वाचकाने विचारला, आणि लेखकाला त्याचे उत्तर देणे भाग पडले.

उत्तरे आली ती नियमांच्या रूपाने. 1928 साली अमेरिकेत एस. एस. व्हॅन डाइन याने वीस नियम जाहीर केले. 1929 साली इंग्लंडात रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने दहा आज्ञा लिहिल्या. गुप्त वाटा एकीहून अधिक नसाव्यात, अज्ञात विष वापरू नये, हेराने सापडलेला पुरावा वाचकापासून दडवू नये, अशा धर्तीच्या या आज्ञा. त्यांत अर्धी थट्टा होती, अर्धे गांभीर्य. 1930 साली लंडनमध्ये ‘डिटेक्शन क्लब’ स्थापन झाला, चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष झाले, आणि नव्या सभासदाकडून प्रामाणिक लेखनाची शपथ घेण्याचा समारंभ सुरू झाला. त्याच 1930 साली कॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने ‘क्राइम क्लब’ काढला. याचे नाव क्लब, पण त्याला ना दिवाणखाना ना वर्गणी. वाचकाने आपले नाव आणि पत्ता कळवावा, आणि संस्थेने दर तीन महिन्यांनी नव्या पुस्तकांची माहिती त्याच्याकडे विनामूल्य धाडावी, असा हा व्यवहार. व्यापाऱ्याची ही युक्ती होती हे उघड आहे. तथापि 1994 पर्यंत चाललेल्या या मालेने दोन हजारांवर पुस्तके काढली, आणि पुस्तकावरील बुरखेधारी पिस्तूलवाल्याचे चित्र हीच कित्येक घरांत पुरेशी शिफारस ठरली.

येथे नभोवाणीचाही एक धागा आहे. 1930 च्या जून-जुलैमध्ये बी.बी.सी.ने ‘बिहाइंड द स्क्रीन’ नावाची रहस्यकथा सहा भागांत ध्वनिक्षेपित केली. सहा भाग सहा लेखकांचे; ह्यू वॉलपोल, ख्रिस्ती, सेयर्स, अँथनी बर्कली, ई. सी. बेंटली आणि नॉक्स यांनी आपापला भाग स्वतः वाचून दाखविला. प्रत्येक भाग नंतर ‘द लिसनर’ या साप्ताहिकात छापून येई. ते साप्ताहिक मुख्यतः नभोवाणीवरील भाषणेच छापण्यासाठी 1929 साली निघाले होते. उलगडा ओळखण्याची स्पर्धाही श्रोत्यांसाठी ठेवली होती. पुढल्या वर्षी ‘द स्कूप’ ही बारा भागांची कथा झाली. एरवी एकांतात, कित्येकदा चोरून वाचावयाची गोष्ट, शनिवारी संध्याकाळी सगळे कुटुंब एकत्र बसून ऐकू लागले, ही माझ्या मते लहान घटना नव्हे. पुस्तक लपवून ठेवणाऱ्याला त्याची शिफारस कशी करता येणार?

आता सेयर्सबाईंकडे वळतो, कारण शिफारशीच्या कलेत त्यांचे स्थान मला सर्वांत मानाचे वाटते. 1933 ते 1935 या काळात त्या ‘संडे टाइम्स’मध्ये दर आठवड्यास हेरकथांचे परीक्षण लिहीत. दोन वर्षांत साडेतीनशेहून अधिक पुस्तके त्यांनी पाहिली. त्या स्वतः लॉर्ड पीटर विम्झीच्या कथा लिहीत होत्या, म्हणजे परीक्षणासाठी आलेली पुष्कळशी पुस्तके त्यांच्या मित्रांची किंवा प्रतिस्पर्ध्यांची असत. शिवाय त्यापूर्वी त्यांनी जवळजवळ नऊ वर्षे एका जाहिरातसंस्थेत मजकूर लिहिण्याचे काम केले होते. माल कसा खपवावा हे त्यांना पक्के ठाऊक होते. परीक्षणात मात्र त्यांनी ती विद्या वापरली नाही. लेखकाने व्याकरण मोडले तर त्या त्याला नाव घेऊन फटकारीत. न्यायालयातील कामकाज चुकीचे दाखविले, विषाची मात्रा चुकविली, तर तेही निदर्शनास आणीत. कथानकाचा मात्र दाराच्या फटीतून दिसावा तेवढाच भाग त्या दाखवीत, म्हणजे प्रेत कोठे सापडले, घरात माणसे कोण कोण होती, लेखकाने आपणासमोर प्रश्न कोणता ठेवला एवढेच. आणि मग पुस्तकाचा पोत कसा आहे, माणसे जिवंत आहेत की पत्त्यातील राजे-राण्या आहेत, हे सांगत. कॉलिन्सने 1860 साली विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला या परीक्षणांत मिळते. गोष्ट न सांगताही पुस्तकाविषयी बोलता येते, कारण गोष्टीखेरीज पुस्तकात पुष्कळ काही असते, किंवा असावयास हवे; आणि ज्या पुस्तकात गोष्टीखेरीज काहीच नसते ते या कसोटीवर आपोआप उघडे पडते.

या कसोटीला सर्वांत मोठा धक्का दिला तो एडमंड विल्सन या अमेरिकन टीकाकाराने. 1944 च्या ऑक्टोबरात ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात त्याने लेख लिहिला, की लोक हेरकथा का वाचतात हेच आपणास समजत नाही. लेख प्रसिद्ध होताच त्याच्यावर पत्रांचा वर्षाव झाला. पुष्कळ पत्रलेखकांचे म्हणणे एकच होते, की आपण चुकीची पुस्तके वाचलीत, ही पाहा बरोबर पुस्तके! आणि प्रत्येकाने आपापली यादी जोडली. विल्सन हट्टी असला तरी अप्रामाणिक नव्हता. त्याने शिफारस झालेली पुस्तके आणविली आणि वाचली. सेयर्सबाईंची ‘द नाइन टेलर्स’ पुष्कळांनी सुचविली होती. चर्चमधील घंटा वाजविण्याच्या शास्त्राची तीत विस्तृत माहिती आहे. विल्सनला ती इतकी कंटाळवाणी वाटली की त्याने पानेच्या पाने गाळली. मार्जरी अॅलिंगहॅम, नायो मार्श यांचीही तीच गत. रेमंड चँडलरपाशी तो थोडा थबकला, इतकेच. 1945 च्या जानेवारीत त्याने दुसरा लेख लिहिला आणि अॅक्रॉइडला मारले कोणी याची पर्वा कोणाला, अशा अर्थाचा मथळा त्यावर घातला.

हेरकथेच्या चाहत्यांना विल्सन हा खलपुरुष वाटतो. मला तसे वाटत नाही. त्याच्या प्रकरणातून शिफारस करणाऱ्याने घ्यावयाचा एक धडा असा, की त्या पत्रलेखकांपैकी बहुतेकांनी स्वतःला जे आवडले ते सुचविले. समोरच्या माणसाला काय हवे याचा विचार कोणी केला नाही. जो माणूस आधुनिक कादंबरीचा मर्मज्ञ म्हणून प्रसिद्ध, त्याच्या हाती घंटानादाचे शास्त्र कशासाठी द्यावयाचे? त्याला डॅशील हॅमेटचे उत्तम पुस्तक द्यावे, चँडलर आणखी एक द्यावा, फ्रेंच वाचता येत असेल तर सिमेनाँ द्यावा.

इंग्रजी भाषेबाहेर या काळात काय चालले होते तेही पाहण्याजोगे आहे. इटलीत मोन्दादोरी या प्रकाशकाने 1929 साली हेरकथांची माला काढली आणि तिला पिवळी वेष्टने घातली. माला इतकी लोकप्रिय झाली की त्या भाषेत हेरकथेचे नावच ‘पिवळी’ पडले. आजही इटालियन माणूस रहस्यकथेला ‘जाल्लो’ म्हणजे पिवळी असेच म्हणतो. परंतु फॅसिस्ट सत्तेला ही पुस्तके खपेनात, आणि 1941 साली ती माला बंद पडली. ज्या राज्यात गुन्हा घडतच नाही असे दाखवावयाचे असते, तेथे गुन्ह्याची चौकशी करणारा माणूस, मग तो कल्पित का असेना, अडचणीचाच. महायुद्ध संपल्यावर माला पुन्हा सुरू झाली.

त्याच सुमारास तिकडे आर्जेंटिनात बोर्हेस हा कवी आणि कथाकार ‘एल ओगार’ या साप्ताहिकात परदेशी पुस्तकांचे सदर लिहीत होता. ‘एल ओगार’ म्हणजे ‘घर’. सुखवस्तू शहरी कुटुंबांसाठी निघणारे हे नियतकालिक. 1936 ते 1939 या काळात त्याने तेथे जगातील थोर साहित्यिकांच्या शेजारी एलरी क्वीनसारख्या हेरकथालेखकाला बसविले, आणि दोघांनाही एकाच गंभीरपणाने तोलले. पुढे 1945 साली त्याने आपला मित्र बिओय कासारेस याच्यासह निवडक हेरकथांची स्पॅनिश माला सुरू केली. डांटेच्या नरकातील सातव्या वर्तुळात हिंसा करणारे आत्मे असतात. मालेचे नाव त्यावरूनच ‘सातवे वर्तुळ’ असे ठेवले. पहिले पुस्तक निवडले ते निकोलस ब्लेकचे ‘द बीस्ट मस्ट डाय’. मुलाला मोटारीखाली चिरडून पळून गेलेल्या माणसाचा शोध घेऊन त्याला ठार मारण्याचा निश्चय करणाऱ्या बापाची रोजनिशी, अशी त्याची सुरुवात आहे. ब्लेक हे टोपणनाव. लेखक सेसिल डे-लुइस, जो पुढे 1968 साली इंग्लंडचा राजकवी झाला. विल्सनच्या टीकेला यापेक्षा समर्पक उत्तर मला माहीत नाही, आणि ते योगायोगाने त्याच वर्षी दिले गेले.

बोर्हेसची कथा इंग्रजीत प्रथम आणली ती कोणा विद्यापीठाने नव्हे. 1948 च्या ऑगस्टमध्ये ‘एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझिन’ या हेरकथांच्या मासिकात त्याची एक कथा भाषांतरित होऊन आली. भाषांतरकार होता अँथनी बाउचर. हा बाउचर 1951 पासून 1968 साली मृत्यू येईपर्यंत ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये हेरकथांचे सदर लिहीत होता. एकेका पुस्तकास त्याच्याकडे जागा थोडी, कधी चार-पाच वाक्यांची; पण त्याने एक काम असे केले की ज्याबद्दल वाचकांनी त्याचे ऋणी राहावे. 1950 च्या सुमारास अमेरिकेत पंचवीस सेंटांची कागदी बांधणीची पुस्तके निघत असत. औषधांच्या दुकानांत आणि मोटारींच्या थांब्यांवर ती विकली जात. भडक चित्रांमुळे प्रतिष्ठित परीक्षक त्यांना शिवत नसत. बाउचर ती वाची, आणि चांगले असेल ते चांगले म्हणून सांगे. 1970 साली त्याच्या नावाने वाचकांचे आणि लेखकांचे जे संमेलन सुरू झाले ते आजही वर्षानुवर्षे भरते. टीकाकाराच्या स्मरणार्थ वाचकांनी संमेलन भरवावे, हे भाग्य किती टीकाकारांना लाभले असेल?

आपल्याकडे बाउचर झाला नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय ही त्यांच्या नायकांची नावे एका पिढीला तोंडपाठ होती. पण त्यांतील उत्तम कोणत्या, मध्यम कोणत्या, कोठे रचना पक्की आणि कोठे घाईची, याची छाननी त्या वेळच्या प्रतिष्ठित नियतकालिकांनी केली नाही, आणि वाङ्मयाच्या इतिहासांनीही त्यांना फारशी जागा दिली नाही. आपल्याकडील शिफारस तोंडी होती. वाचनालयाच्या टेबलामागे बसलेला गृहस्थ नेहमीच्या वर्गणीदाराचा चेहरा पाहून पुस्तक पुढे सरकवी, आणि ‘हे न्या, आज रात्री झोप नाही’ एवढेच म्हणे. ती शिफारस खोटी नसे. परंतु तोंडी गोष्ट माणसाबरोबर जाते. हजार पुस्तकांतील पंचवीस निवडून कोणी साधार लिहून ठेविली असती, तर आजच्या तरुण वाचकाच्या हाती काही सूत्र लागले असते.

आजच्या रहस्यकथेपुढे निवडीचा प्रश्न आणखी बिकट आहे, कारण ती आता सर्व भाषांतून येते. इंग्लंडातील रहस्यलेखकांची संघटना दर वर्षी उत्तम कादंबरीस ‘सुवर्ण कट्यार’ देते. 2001 साली ती स्वीडनच्या हेनिंग मांकेल यास आणि 2005 साली आइसलंडच्या अर्नाल्डुर इंद्रिदासोन यास मिळाली. दोन्ही पुस्तके भाषांतरित. त्यानंतर लगेच नियम बदलला. मुख्य पारितोषिक मूळ इंग्रजी पुस्तकांपुरते राखले गेले आणि भाषांतरांसाठी 2006 पासून वेगळे पारितोषिक ठेवण्यात आले. पहिले मिळाले फ्रान्सच्या फ्रेद व्हार्गास या लेखिकेस. भाषांतरकारासही त्यात वाटा मिळतो ही गोष्ट चांगलीच झाली. तरीही पाहुण्याला निराळ्या पंगतीस बसविल्यासारखे मला वाटते.

जपानात तर 1926 चा तो जुना वाद पुन्हा रंगला. केइगो हिगाशिनो यांची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ 2005 साली तेथे पुस्तकरूपाने निघाली, तिने नाओकी पारितोषिक मिळविले, आणि लेखकाने वाचकास सर्व धागे प्रामाणिकपणे दिले आहेत की नाहीत यावर टीकाकारांत जुंपली. अस्सल कोडेवजा रहस्यकथेचे पारितोषिकही अखेर तिलाच मिळाले. 2023 साली या कथेवर ‘जाने जान’ हा हिंदी चित्रपट निघाला. तो ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी पुस्तक वाचावे. खून कोणी केला हे पहिल्याच प्रकरणात समोर घडते. तेव्हा ते मी सांगितले तरी चालण्याजोगे आहे, पण दिलेला शब्द पाळतो. वाचकापुढे प्रश्न उरतो तो शेजारी राहणाऱ्या गणिताच्या शिक्षकाने नेमके केले काय, एवढाच. आणि पुस्तक हातून सुटत नाही.

ज्यांना कोड्यापेक्षा माणसे हवी असतात त्यांना मी इंद्रिदासोन यांचे ‘सायलेन्स ऑफ द ग्रेव्ह’ सुचवीन. रेक्याविक शहराच्या सीमेवर नवी घरे बांधली जात आहेत. एका घरी मुलांचा वाढदिवस चालला आहे, आणि जमिनीवर बसलेले एक तान्हे मूल काहीतरी चघळीत आहे. वैद्यकाचा एक विद्यार्थी सहज त्याच्याकडे पाहतो आणि त्याच्या लक्षात येते, की ते माणसाचे हाड आहे. सांगाडा काढावयाचे काम पुराणवस्तुसंशोधकांकडे जाते; ते कुंचल्याने एकेक थर बाजूस सारतात, दिवसामागून दिवस जातात, पोलीस खोळंबतात. मधल्या प्रकरणांत महायुद्धाच्या काळातील एका टेकडीवरच्या घराची कथा येते. नवरा बायकोला मारीत आहे आणि मुले पाहत आहेत. ही प्रकरणे वाचणे सोपे नाही. हळव्या मनाच्या वाचकास हे आधी सांगितलेच पाहिजे, त्याने कोणतेही रहस्य फुटत नाही. मातीखाली असलेले माणूस त्या घरातले कोण, हे समजावयास पुस्तकाच्या अखेरीपर्यंत जावे लागते, आणि त्या अखेरीविषयी मला याहून अधिक बोलता येत नाही.